माळ्यावरची चार चाकं

सापगावच्या फाट्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, सातबाराचे उतारे, जातीच्या दाखल्याचे फॉर्म, जे येईल ते. शेजारी नवसूदादाचं पंक्चरचं दुकान. दुकान म्हणजे चार वासे, वर पत्रे आणि पुढे पत्र्याचीच दोन दारं. अकरा वर्षं आम्ही शेजारी आहोत. त्याचा हवेचा कॉम्प्रेसर माझ्या मागच्या खोलीत असतो, कारण लाईट माझ्या मीटरवरची. भिंतीला पाडलेल्या भोकातून नळी त्याच्याकडे जाते. दिवसभर ते धूड माझ्या कानाशी धडधडतं, आणि दर दोन दिवसांनी मी त्याला सांगते की आता मी हे बाहेर काढणार. तो म्हणतो, "काड गो बाय." आणि मी काढत नाही.

त्याच्या दुकानाला तेव्हा कुलूप नव्हतं. संध्याकाळी तो पाने, लिव्हर, हातोडी गोणपाटाच्या पिशवीत भरायचा, दारं ओढायचा, त्यांना सुतळीचा एक वेढा द्यायचा आणि मुरबाडच्या बाजूची जीप पकडायचा. पहिल्या वर्षी मला वाटलं, माणूस भाबडा आहे. नंतर लक्षात आलं की आत ठेवण्यासारखं काही नसायचंच. कुठल्याही पंक्चरवाल्याकडे बघा, दारात पाच-सात चाकं पडलेली असतात. लोक चाक टाकतात, बाजार करून येतात, जाताना घेऊन जातात. नवसूदादाकडे कोणी चाक टाकून जायचं नाही. ट्रॅक्टरवाला असो, जीपवाला असो की शाळेतला मास्तर असो, चाक निघाल्यापासून परत बसेपर्यंत प्रत्येक जण तिथे उभा राहायचा.

मी दुकान घेतलं त्याच आठवड्यात जागेच्या मालकाने मला सांगितलं होतं, "नवसूचं काम चोख आहे, पण चाक सोडून जाऊ नका." का, ते मी विचारलं नाही. ऐकलं आणि पाळलं. माझी स्कूटी महिन्यातून एकदा तरी पंक्चर व्हायची, आणि दुकान उघडं टाकून मी त्याच्या डोक्यावर उभी राहायचे. हे लिहिताना आज मला बरं वाटत नाही, पण खरं ते खरं.

का ते त्यानेच सांगितलं, तेही एका दमात नाही. दर पंक्चरला थोडं थोडं, कारण मी तिथे उभीच असायचे.

नवसूदादा मुरबाडच्या डोंगराकडच्या एका पाड्यावरचा. तरुणपणी शहापूरला भगीरथशेठच्या गॅरेजात कामाला लागला आणि सहा वर्षांत चाकाच्या कामात त्याचा हात धरणारा कोणी उरला नाही. अक्षरओळख नव्हती. पण रिमवर हातोडी टेकवून नुसत्या आवाजावरून तडा कुठे आहे ते सांगायचा. मुंबई-नाशिक रस्त्यावरची त्या काळची नाना तऱ्हेची मोटार त्याच्या हाताखालून गेली. गाडीचं नाव त्याला वाचता यायचं नाही, चाकावरून ओळखता यायचं.

चाळीस-एक वर्षांपूर्वी मुरबाडच्या एका डॉक्टरांची जुनी प्लिमथ गाडी ब्रेकच्या कामाला आली. गाडी ठोकळ्यांवर चढवली, चारी चाकं काढून भिंतीला लावली. संध्याकाळी दार ओढायचं काम नवसूदादाचं. सकाळी चाकं नव्हती. दाराचा कोयंडा शाबूत होता.

शेठ पोलिसांत गेले नाहीत. त्यांनी भगताला बोलावलं. आमच्याकडे तेव्हा ही रीत होती, अजूनही कुठे कुठे असेल. भगत तांदूळ मंतरून देतो, ज्यांच्यावर संशय आहे त्यांनी ते चावायचे आणि केळीच्या पानावर थुंकायचे. ज्याचे कोरडे पडतील तो चोर. पाच कामगार ओळीने बसले. चौघांचे ओले निघाले. नवसूदादाचे पिठासारखे कोरडे पडले.

"का कोरडे पडले?" मी विचारलं होतं.

"भ्यालो व्हतो," तो ट्यूब पाण्याच्या टबात दाबत म्हणाला. "दार मीच ओढलं व्हतं ना. रातभर त्याच इचारात, कडी नीट बसली का नाय. तोंडात थुकीच नव्हती."

शेठने मारलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. तेवढंच. पण शहापूर ते मुरबाड सगळ्यांना कळलं. पाड्यावर कोणाची कोंबडी हरवली तरी लोक आधी याच्या दाराकडे बघायचे. सावळी, त्याची बायको, पाणवठ्यावर गेली की बायका आपापले हंडे जवळ ओढायच्या. सावळीने मला हे सांगितलं तेव्हा ती हसत होती. मला हसू आलं नाही.

चोरी कोणी केली ते आजतागायत कोणाला ठाऊक नाही.

आता गेल्या डिसेंबरची गोष्ट. सकाळी स्कूटीचं मागचं चाक पुन्हा पंक्चर. मी ती ढकलत आणली आणि नेहमीसारखी कंबरेवर हात ठेवून उभी राहिले. सावळी आसनगाव स्टेशनबाहेर आवळे विकून नुकतीच आली होती आणि रिकाम्या पाटीशेजारी पाय पसरून बसली होती. नवसूदादाने माझ्या स्कूटीला अजून हातही लावला नव्हता, एवढ्यात एक छोटा हत्ती टेम्पो येऊन थांबला. त्यातून पंचविशीचा एक मुलगा उतरला. पायात पांढरे बूट, बुटांवर गॅरेजची धूळ.

"नवसूबाबा तुम्हीच का?" त्याने विचारलं. "मी हर्षित. भगीरथशेठचा नातू."

नवसूदादा उठला नाही. त्याने हातातला लिव्हर फक्त खाली ठेवला.

हर्षितने सगळं सरळ सांगितलं, ते मला आवडलं. शेठ दोन वर्षांपूर्वी गेले. गॅरेज पाडून तिथे व्यायामशाळा काढायची होती. माळा रिकामा करताना ताडपत्रीखाली चार चाकं सापडली. त्याने फोटो काढून मुंबईच्या एका जुन्या गाड्यांच्या शौकिनाला पाठवले. त्या माणसाने विचारलं, कुठल्या गाडीची आहेत? हर्षितला काय माहीत. त्याने शहापुरातल्या दोन-तीन म्हाताऱ्या फिटरांना गाठलं. सगळ्यांनी नवसूदादाचंच नाव घेतलं आणि ते नाव घेऊन सगळे गप्प झाले. शेवटी एकाने तांदळाची गोष्ट सांगितली.

"बाबा," हर्षित म्हणाला, "मला वाटतं ही तीच चाकं आहेत. डॉक्टरांच्या गाडीची. म्हणजे ती आमच्याच माळ्यावर होती. आजोबांची चूक झाली असेल, तर मी ती चूक म्हणून सांगेन. गॅरेजसमोर सगळ्या जुन्या लोकांना बोलवेन आणि सांगेन. तुम्ही फक्त ओळखून द्या."

सावळी उठून उभी राहिली. आवळ्यांची पाटी तिच्या पायाने उलटली, तिने सरळ केली नाही.

मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, सुटला बाबा एकदाचा. बघायचं काय त्यात? माळ्यावर चाकं, गॅरेज तेच, कोयंडा न मोडता गेलेली. शेठनेच वर टाकली असणार आणि विसरले असणार, नाहीतर आणखी काही. मला तेव्हा शेठचा संतापही आला. चाळीस वर्षं हा माणूस मान खाली घालून पंक्चर काढतोय आणि चाकं त्याच छपराखाली.

ड्रायव्हरने चाकं उतरवली. काळा रंग, त्यावर धूळ, कडेला गंज. टायर नव्हते, नुसते रिम. नवसूदादाने चारी चाकं जमिनीवर ओळीने मांडली. मग आत गेला, हात धुतले आणि पंच्याला पुसत आला. एवढ्या वर्षांत मी त्याला कामाआधी हात धुताना पाहिलं नव्हतं.

पहिलं चाक त्याने मांडीवर घेतलं. मधल्या भोकांतून बोट फिरवलं. "पाच मोठी," तो म्हणाला. मग बाजूचं एक लहान भोक शोधलं, त्यात करंगळी घातली. "आन एक बारीक. हे खुंटीचं. चाक चढवताना डरमची खुंटी यात बसवायची, मग बोल्ट आवळायचे. नट नाय, बोल्ट. डाव्या अंगाचे उलट्या आट्याचे. प्लिमथ नायतर डॉज. दोगं भाऊच ते."

"डॉक्टरांची प्लिमथच होती ना?" हर्षित म्हणाला.

"व्हती."

"मग झालं तर," मी म्हणाले. मला राहवलं नाही.

नवसूदादाने माझ्याकडे पाहिलंही नाही. त्याने हातोडी घेतली आणि रिमवर टेकवून हलकेच मारली, कान लावून ऐकलं. चारीला तसं केलं. मग खिळा घेतला आणि त्या बारीक भोकाच्या कडेचा रंग खरवडायला लागला. सावकाश, भोकाभोवती. काळा रंग निघाला, खाली लोखंड दिसलं. त्याने दुसरं चाक घेतलं. तिसरं घेतलं. आम्ही तिघं त्याच्या डोक्यावर उभे. फाट्यावरून एसटी गेली, दोन डंपर गेले. पेंढ्याचा एक ट्रक इतका भरलेला होता की त्याच्या मागे वाहनांची रांग लागली होती.

चौथ्या चाकाला खरवडताना त्याचा हात मध्येच थांबला. त्याने वाकून, डोळ्याजवळ नेऊन पाहिलं. मग आणखी थोडं खरवडलं.

"काय झालं?" सावळी म्हणाली.

"डॉक्टरांच्या गाडीची ही बारीक भोकं खाल्ली व्हती," तो हर्षितला म्हणाला. "कोणीतरी खुंटीवर न बसवता बोल्ट आवळलेले. भोक लांबट झालेलं. चारीला. मी गॅसनं पितळ भरलं आन नवीन भोक पाडलं. माज्या हातानं. पितळ गंजत नाय. शंभर वर्सं झाली तरी पिवळं दिसंल." त्याने चाक खाली ठेवलं. "यात पितळ नाय. एकात पण नाय. ही ती नव्हं."

"नीट बगा," सावळी म्हणाली.

"बगितलं."

"परत बगा. चाळीस वर्सं झाली, तुमाला काय आठवतंय? पितळ असंल नायतर नसंल."

"सावळे, मी भरलं व्हतं. मना आठवतंय."

"हो म्हनायला काय जातं तुमचं?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "पोरगा सोताहून आलाय. सांगतो म्हनतोय चार लोकांत. मी मरायच्या आत एकदा तरी..." पुढचं तिने बोललं नाही. ती पाटी उचलून माझ्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली, आमच्याकडे पाठ करून.

मीही तिच्याच बाजूची होते. सरळ सांगते, मला त्या माणसाचा राग आला. मी हर्षितला ऐकू जाणार नाही अशी जवळ गेले आणि म्हणाले, "दादा, कोणाला कळणार आहे? डॉक्टर नाहीत, शेठ नाहीत. कोणाचं नुकसान होतंय?"

तो म्हणाला, "शेठचं व्हईल ना. मेलेल्या माणसानं चाकं लपवली आसं व्हईल. त्यानं नाय लपवली."

"त्याने तुला काढून टाकलं."

"काडलं. पन लपवली नाय." मग त्याने डोळे चोळले. "मी दमलो गो बाय. खोटं बोलायला पन जोर लागतो."

नंतर त्याने हर्षितला ती चाकं कुठली तेही सांगितलं. एका चाकाच्या काळ्या रंगाखाली त्याला हिरवा रंग लागला होता. पाच भोकांच्या मधल्या जागेत आणखी चार भोकं कोणीतरी पाडून नंतर बुजवलेली होती. मोटारीच्या चाकाला हिरवा रंग कोणी देत नाही. तो बैलगाडीचा. शेठच्या वडिलांच्या पेंढ्याच्या दोन टायरगाड्या होत्या. कुठल्याशा भंगारातून जुन्या टॅक्सीची चाकं आणून लोहाराकडून ती गाडीच्या तुंब्याला, म्हणजे आसाच्या टोकावरच्या भागाला, बसवून घेतलेली. म्हसा गावच्या जत्रेला जायच्या आधी त्या गाड्यांना दरवर्षी हिरवा रंग लागायचा. रंग मारायला नवसूदादाही असायचा.

"मग काळी कोणी केली?" हर्षितने विचारलं.

"मी गेल्यावर केली आसतील. डॉक्टरला चाकं भरून द्यायला. दुसरी कुठं मिळनार? बापाच्या गाड्या मोडून काडली आसतील." नवसूदादाने बुजवलेल्या भोकावर अंगठा फिरवला. "डॉक्टरनं घेतली नसतील. बैलगाडीची चाकं मोटारीला कोन लावील?"

हर्षित म्हणाला, "आजी सांगायची. एक वर्ष पेंढा न्यायला घरात गाडीच नव्हती, भाड्याने आणायला लागली. का ते मात्र कधी सांगायची नाही."

त्याने मुंबईच्या माणसाला फोन लावला. चाकं प्लिमथ-डॉजची आहेत, मधल्या काळात बैलगाडीला होती, असं सांगितलं. पलीकडचा माणूस भलताच खूश झाला असावा, कारण हर्षितला फोन कानापासून लांब धरायला लागला. त्याला चाकं हवी होती, पण रंग उतरवून, गंज काढून, आणि तो हिरवा एका चाकावर तसाच ठेवून.

"बाबा, तुम्ही कराल हे?" हर्षितने विचारलं.

"करीन. चार दिस लागतील. रोज आणायची, रोज न्यायची."

"रोज कशाला? इथेच राहू देत."

नवसूदादाला कळलंच नाही. "तुमी थांबनार का मग?"

"मी कुठे थांबू? मला कल्याणला जायचंय. झालं की या ताईंना फोन करायला सांगा." आणि तो गाडीत बसला. बसल्यावर खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "चाकं आत घ्या बाबा, रस्त्यावर आहेत." आणि गेला.

छोटा हत्ती वळणावर दिसेनासा झाला तरी नवसूदादा चाकांशी उभा होता. मला वाटतं, त्या चाकांचं आता काय करायचं हे त्याला समजत नव्हतं. मग त्याने एकेक उचलून आत नेलं आणि मागच्या पत्र्याला लावून ठेवलं. सावळी पायरीवरून वळून बघत होती.

तो माझ्याकडे आला. "बाय," तो म्हणाला, "कुलूप कुठं भेटंल?"

तेव्हा मला माझीच लाज वाटली. अकरा वर्षं. अकरा वर्षं मी या माणसाच्या मागे उभी राहिले, जागेचा मालक बोलला म्हणून. एका पोराने आज पाऊण तासात जे केलं, ते मला सुचलंही नव्हतं. आणि वर मी त्याला खोटं बोलायचा सल्ला दिला होता.

मी म्हणाले, "शहापूरच्या बाजारात. मीच आणते." आणि स्कूटीची किल्ली त्याच्या टबाच्या काठावर ठेवली. "चाक काढून ठेव. मी रिक्षाने जाते."

"तू नाय थांबत?"

"मला काम आहे," मी म्हणाले आणि रस्ता ओलांडला. मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि बघितलं नाही.

बाजारात मी चांगलं पितळी कुलूप घेतलं, पोलादी नाही. परत आले तर स्कूटी उभी, चाक बसवलेलं, किल्ली तिथेच टबाच्या काठावर. मी कुलूप त्याच्या हातात दिलं. ते त्याने उलटंपालटं करून पाहिलं, दारापाशी गेला आणि थांबला. दाराला कडी नव्हती, कोयंडा नव्हता, काहीच नव्हतं. कधी लावलंच नव्हतं. सुतळीपुरती दोन भोकं होती.

सावळी हसली. त्या दिवसात पहिल्यांदा. "लावा आता कुटं लावायचं ते," ती म्हणाली.

मग नवसूदादाने जुन्या जीपच्या स्प्रिंगच्या पाट्याचा एक तुकडा शोधला, माझ्या मीटरवरची लाईट घेऊन त्याला भोकं पाडली आणि दोन्ही दारांना बोल्टने कोयंडा बसवला. काम व्हायला चार वाजले. मी एक झेरॉक्स काढली नाही त्या दिवशी. गिऱ्हाईकं आली आणि गेली.

पाच वाजता त्याने दारं ओढली, कुलूप लावलं, किल्ली करदोऱ्याला बांधली. ओढून बघितलं. गोणपाटाची पिशवी खांद्याला लावून सावळीबरोबर रस्त्यापर्यंत गेला आणि परत आला. पुन्हा ओढून बघितलं. जीप आली, जीपवाल्याने हॉर्न दिला. सावळी चढली. तो दारापाशीच उभा.

"बाय," तो म्हणाला, "जरा तू पन ओढून बग. मना भरोसा नाय माज्या हातावर."

मी कुलूप धरलं आणि जोराने ओढलं, दोनदा.

"लागलंय," मी म्हणाले. "जा आता, जीप थांबलीये."